अडू नये म्हणून

ताराबाईचं नाव निघालं की आमच्या गल्लीतल्या बाया हल्ली आवाज खाली आणतात. मला त्याचा राग येतो. बाई जिवंत आहे, चांगली हिंडतेफिरते, रोज सकाळी शेळ्या घेऊन माझ्या गिरणीवरून जाते. मग मेलेल्या माणसासारखं कुजबुजायचं कशाला? पण खरं सांगायचं तर मीही तिला पहिल्यासारखी मोठ्यानं हाक मारत नाही. पूर्वी मारावीच लागत नव्हती. तिचा आवाज पुढे यायचा आणि ती मागून.

माझी पिठाची गिरणी युसूफ वडगावला, बाजाराच्या वाटेवर. नवरा गेल्यापासून मीच चालवते. गिरणीवालीपासून गावाचं पोट लपत नाही. कुणाची घरची ज्वारी संपून रेशनचा गहू सुरू झाला, कुणाकडे पाहुणे आलेत, कुठली सासू सुनेला मापून दळण देते, हे डबा ठेवल्याबरोबर मला कळतं. ताराबाईचे डबे दोन असायचे. एक घरच्या ज्वारीचा आणि दुसरा शेळ्यांच्या भरड्याचा, त्यात मका आणि हरभऱ्याचा चुरा.

"जाडं भरड गं वनमाला. पीठ करू नको. माझ्या लेकींच्या दाताला काम पायजे," असं ती दर खेपेला म्हणायची.

"तुझ्या लेकी माझ्या घरच्यापरीस बरं खात्यात," असं मी म्हणायचे. मग ती हसायची. लई मोठ्यानं हसायची.

आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलो. तिचं सासर शेळ्या-मेंढ्यांवर जगणारं. नवरा बंकट माळावर आणि ही घरी, मग नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हा ही माळावर आणि तो घरी. शाळेत ती कधी गेली नाही, पण शेळी अडली की पंचक्रोशीतून माणसं तिच्या दारात यायची. जनावरांचे डॉक्टर यायला वेळ लागायचा, ताराबाई मात्र ताटावरून उठून निघायची. मी एकदा तिच्याबरोबर गेलते. शेळी आडवी पडून ओरडत होती, तिचा मालक कपाळाला हात लावून बसला होता. ताराबाईनं बांगड्या वर सारल्या, हाताला गोडं तेल चोपडलं आणि शेळीशी बोलत बोलत आतलं करडू हळूहळू वळवलं. "झालं बाय, झालं. दम धर. माझी गुणाची." करडू मेलेलं निघालं, पण शेळी वाचली.

मग तिनं मालकाला फैलावर घेतलं. "ह्ये करडू बघ केवढं झालंय. गाभण शेळीला शेवटाला बी भरडा चारीत बसलास व्हय? शेवटाला हात आखडावा लागतो. व्याल्यावर घाल काय घालायचं ते."

हा तिचा नियम होता आणि शेळ्यांच्या बाबतीत तो बराचसा खराही होता. तिच्या स्वतःच्या कळपात शेळी अडल्याचं मला आठवत नाही. व्यायच्या आधी हात आखडायचा, व्याल्यावर मोकळा सोडायचा. आयुष्यभर तिनं हेच केलं, यावरच तिचं नाव झालं. म्हणून तर तिला कुणी काही सांगू शकलं नाही.

तिला दोन लेकरं. थोरला हरिओम आणि धाकटी सुकन्या. सुकन्या म्हणजे बंकट आणि ताराबाई दोघांचाही जीव. पोरगी खाण्याची मोठी हौशी. लहानपणी दळणाबरोबर यायची आणि गरम पिठात बोट बुडवून चाटायची. "काकू, ह्ये जोंधळ्याचं गोड लागतं, गव्हाचं न्हाई," असं सांगायची. तिचं लग्न घाटनांदूरच्या पंडितशी झालं. पंडित पिकअप चालवतो. पोरगा सरळ आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे सुकन्या बाळंतपणाला माहेरी आली. आली तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं, गाल भरलेले होते. ताराबाई लेकीला बघून हरखली आणि त्याच क्षणाला घाबरलीही. गिरणीत आली तेव्हा मला म्हणाली, "लई खाऊ घातलंय गं सासरच्यांनी. पोट बघितलंस का?"

तिच्या भीतीला कारण होतं. तिच्या जावेच्या पोरीचं सिझर झालं होतं. त्यानंतर त्या पोरीला चाऱ्याचा भारा उचलवेना, कंबर धरून बसायची, आणि सासरी टोमणे सुरू झाले. ताराबाईनं ते जवळून बघितलं होतं. "माझ्या लेकीच्या पोटाला ब्लेड लागू द्यायची न्हाई," हे ती येईल त्याला सांगायची. तिला दुसरं काही नको होतं. लेक सुखरूप सुटावी, अडू नये, कापाकापी होऊ नये, एवढंच. देवाला तिनं दुसरं काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

आणि मग तिनं हात आखडला.

सकाळी चहा. दुपारी एक भाकरी आणि पातळ वरण. तिन्हीसांजेला पुन्हा चहा. रात्री अर्धी भाकरी. दूध बंद, कारण दुधानं बाळ वाढतं. शेंगदाणे बंद, कारण पित्त होतं. अंडी उष्ण, केळी थंड, पालेभाजी वातूळ. भूक लागली म्हणून सुकन्या स्वयंपाकघरात आली की ताराबाई चुलीवर चहा ठेवायची. चहा कितीही. चहाला तिच्या घरात बंदी नव्हती.

यात दुष्टपणा कुठे होता? मी डोळ्यांनी बघितलंय, लेकीला अर्धी भाकरी वाढून ताराबाई स्वतःही अर्धीच खायची. लेक उपाशी असताना तिच्या घशाखाली उतरायचं नाही. एकीकडे बाळंतिणीची तयारी मात्र जोरात सुरू होती. डिंक, खारीक, खोबरं, बदाम सगळं आणलं. मला खारीक भरडायला दिली तेव्हा म्हणाली, "बारीक कर. बाळंतिणीच्या तोंडाला लागू नये." लाडू वळून पत्र्याच्या डब्यात भरले आणि डबा माळ्यावर ठेवला. सुकन्या खालून बघायची. "आई, एक दे की," म्हणाली तर ताराबाई म्हणायची, "आत्ता न्हाई माय. मोकळी झालीस की सगळे तुझेच."

आमच्या गावची आशा कार्यकर्ती रोहिणी. पोरगी तोंडाळ आहे, पण कामाला चोख. तिनं सुकन्याचं रक्त तपासलं आणि थेट ताराबाईला गाठलं, तेही माझ्या गिरणीत, दळण चालू असताना. मला पट्टा बंद करावा लागला.

"मावशी, तुमच्या सुकन्याचं रक्त लई कमी हाय. मी दिलेल्या गोळ्या खायली का ती?"

ताराबाईनं नजर डब्याकडे वळवली. गोळ्या तिनं बंद केल्या होत्या. लोहाच्या गोळीनं बाळ फुगतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. अंगणवाडीतून मिळणारी खाऊची पाकिटं तर ती नुकत्याच व्यालेल्या शेळीला चारत होती. तिच्या हिशेबानं त्यात चूक नव्हती, कारण शेळी व्याली होती आणि सुकन्या अजून व्यायची होती.

रोहिणीनं तिला समजावलं. चिडून समजावलं, पण समजावलं. "मावशी, बाईचं शेळीवानी नसतं. बाळ आईच्या अंगातलं वढून घेतंच. आई उपाशी राहिली तर बाळ बी अशक्त होतं आन् आईच्या अंगात तर काहीच उरत न्हाई. बाळंतपणात रक्त जातं, ते कुठून भरून यायचं? आन् जेवणासंगं चहा देऊ नका. जे थोडं लोह पोटात जातं, ते बी चहानं अंगी लागत न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणल्यात, सलाईनमधून लोह द्यावं लागंल. कवा येता बोला."

"सलाईननं अंगात पाणी भरतं," ताराबाई म्हणाली. "आन् तू मला शिकवू नको. तुझं वय नसंल एवढ्या शेळ्या सोडवल्यात मी. माझ्या सासूनं मला दोन्ही बाळंतपणात असंच ठेवलतं. काय झालं मला? हरिओम झाला तवा मी सकाळी माळावर गेलते, दुपारी बाळंत झाले."

रोहिणी तणतणत निघून गेली. मी पट्टा चालू केला नाही. मी म्हणाले, "तारा, अगं लेक आन् शेळी सारखी व्हय? पोरगी पांढरी पडायली, दिसत न्हाई का तुला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. भांडायला आली नाही, उलट हळू आवाजात बोलली. "कळ सारखीच असती वनमाला. मी बघितलीय."

मी पुन्हा पट्टा चालू केला. मी डबा भरून दिला.

सुकन्या अधूनमधून गिरणीत येऊन बसायची. गिरणीला दोनच पायऱ्या, पण त्या चढून आली की तिला दम लागायचा. पोत्यावर टेकायची आणि बोलता बोलता पिठाची चिमूट तोंडात टाकायची. मला वाटलं डोहाळे असतील. रोहिणीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "काकू, रक्त कमी झालं की असंच कच्चं पीठ, माती, खडू खावंसं वाटतंय." त्या दिवशी मी घरात जाऊन गरम भाकरी केली, वर पिठलं घातलं, तेल घातलं आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "खा. आईला सांगायची गरज न्हाई."

पोरीनं ताटाकडे बघितलं. वास घेतला. तिच्या गळ्याची हालचाल मला दिसत होती. मग तिनं ताट माझ्याकडे सरकवलं.

"नगं काकू. आई म्हणली थोडेच दिस. मग लाडूच लाडू."

"अगं एक घास खा."

"आईच्या हातानं एवढ्या शेळ्या सुटल्या काकू. मला का अडू दील ती?" आणि ती हसली, अगदी आईसारखी. ओठ पांढरे पडले होते, तरी हसली. ते ताट मी नंतर गाईपुढे ठेवलं. माझ्याही घशाखाली ते उतरलं नसतं.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी आठवडी बाजार होता. रोहिणीनं सरकारी दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, ताराबाई आणि हरिओम बरोबर गेले. गिरणीत गर्दी होती तरी माझं लक्ष फोनकडे होतं. दुपारी फोन वाजला आणि पलीकडून ताराबाई ओरडली, "वनमाला, सुटली गं! लगीच सुटली. टाका न्हाई, ब्लेड न्हाई. नातू झाला मला!"

मी गिरणीत आलेल्या सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. मनातल्या मनात ताराबाईची माफीसुद्धा मागितली. म्हटलं, आपण उगाच तिच्यावर चिडत होतो, हिचंच खरं झालं.

पुढचा फोन हरिओमचा होता. सुकन्याचं रक्त थांबत नव्हतं. तिला आंबाजोगाईला हलवलं होतं. दवाखान्यातल्या लोकांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही, हे हरिओमनं स्वतः मला सांगितलंय. पंडितनं रक्त दिलं, हरिओमनं दिलं, बाटल्या चढवल्या. पण पोरीच्या अंगात आधीचंच काही नव्हतं. संध्याकाळच्या आत ती गेली. लेकराला तिनं मांडीवर घेतलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

तिथल्या डॉक्टरनं ताराबाईला बाजूला बोलावलं. म्हणाले, एवढं रक्त गेलं तरी धडधाकट बाई बहुतेक वेळा निभावून नेते, हिच्या अंगात तेवढंही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, ही काय काय खात होती? ताराबाईनं सगळं सांगितलं. चहा, अर्धी भाकरी, पातळ वरण, बंद केलेल्या गोळ्या, काही लपवलं नाही. डॉक्टरनं मान खाली घातली आणि ते काही बोलले नाहीत.

"रागावला असता तर बरं झालं असतं गं," ती मला फार दिवसांनी म्हणाली. "शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते. त्यो गप कावून बसला?"

मयताच्या दिवसांत बाया घरात यायच्या, देवानं ओढून नेलं म्हणायच्या, नशीब म्हणायच्या. ताराबाई कुणाला हो म्हणायची नाही आणि नाही म्हणायची नाही. लाडवांचा डबा माळ्यावरच राहिला. त्याला मुंग्या लागल्या तेव्हा हरिओमच्या बायकोनं, सुरेखानं, तो उतरवला आणि उकिरड्यावर रिकामा केला. ताराबाई दारात उभी राहून बघत होती. सुरेखाला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही.

बाळ घाटनांदूरला त्याच्या आजीकडे आहे. वजनानं कमी होतं, पण आता रांगतं म्हणे. ताराबाई एसटीनं जाऊन त्याला बघून येते. पंडितच्या घरचे तिला काही बोलत नाहीत, बसायला टाकतात, चहा देतात. ती चहा घेत नाही. आपल्याही घरी घेत नाही.

एकदा शेजारच्या वस्तीवरचा माणूस धावत आला, शेळी अडली म्हणून. ताराबाई ओट्यावरच होती. म्हणाली, "डॉक्टरला फोन कर." तो पाया पडला, तरी ती उठली नाही. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. त्या माणसानं नंतर गावभर तिची निंदा केली. मी त्याचं दळण परत पाठवलं आणि सांगितलं, दुसरी गिरणी बघ.

त्यानंतर एकदा दळण घ्यायला आली तेव्हा गिरणीत कुणी नव्हतं. पोत्यावर बसली, जिथे सुकन्या बसायची तिथेच. म्हणाली, "वनमाला, पोरगी रातच्याला सारखी उठायची. रांजणातलं पाणी प्यायची. तांब्याचा आवाज यायचा मला. मला वाटायचं, दोन जिवाची हाय, तहान लागत असंल." मग तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. "तहान नव्हती गं ती."

मी रडले. ती रडली नाही. तिनं डबा डोक्यावर घेतला आणि गेली.

यंदा सुरेखाला दिवस गेले. घरात आनंदाची गोष्ट, पण कुणी मोठ्यानं बोलेना. ताराबाईनं तर वेगळंच सुरू केलं. स्वयंपाक करायची, सगळी भांडी उघडी करून सुरेखाच्या पुढ्यात ठेवायची आणि जेवायच्या वेळेला घराबाहेर निघून जायची. सुरेखा म्हणायची, "आत्याबाई, वाढा की." तर ही म्हणायची, "तुझ्या हातानं घे. पायजे तेवढं घे." सुरेखा जेवून उठली की मग ही घरात यायची. बंकट ओट्यावरून हे सगळं बघत बसायचा.

मागच्या गुरुवारी मी त्यांचं पीठ द्यायला गेले, तर नेकनूरहून सुरेखाची आई सावित्रीबाई आलेली. सकाळच्या गाडीनं आली होती आणि पोरीची पिशवी भरून तयार होती. अजून चौथा महिना. चौथ्या महिन्यात कुणी बाळंतपणाला नेत नाही.

"पहिलटकरीण हाय," सावित्रीबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "हवापालट होईल. म्हणलं आताच नेते." चेहरा आवळलेला होता. घरून भांडायची तयारी करून आलेली बाई लपत नाही. सुरेखा कोपऱ्यात नखं कुरतडत उभी होती. मला वाटलं, आता ताराबाईचा जुना आवाज निघणार आणि या बाईला ती वेशीपर्यंत पोचवणार. मी पिठाचा डबा तसाच धरून उभी राहिले.

"न्या," ताराबाई म्हणाली. "बरं केलंत आलात. जेवून जावा."

तिनं स्वतः चूल पेटवली. ज्वारीच्या भाकरी केल्या, मेथीची भाजी केली, डाळ केली, अंडी उकडली. सुरेखाची ओटी भरली. मग मायलेकींना पाटावर बसवलं, मलाही बसवलं, आणि त्या दिवशी ती बाहेर गेली नाही. भाकरीची टोपली घेऊन आमच्यासमोर उकिडवी बसली.

सावित्रीबाईला वाढलं, मला वाढलं. सुरेखाच्या ताटात एक भाकरी ठेवली. दुसरी उचलली आणि हात ताटावर तसाच थांबला. तिनं ती भाकरी परत टोपलीत ठेवली. पुन्हा उचलली. सुरेखा खाली बघत होती, तिनं घास मोडला नव्हता. आमच्यापैकी कुणीच घास मोडला नव्हता.

ताराबाईनं सावित्रीबाईकडे बघितलं.

"इहिणबाई," ती म्हणाली, "दोन जिवाच्या बाईला किती लागतं?"

सावित्रीबाईनं पदर तोंडाला लावला.

"सांगा की," ताराबाई म्हणाली. भाकरी हातातच होती. "मला खरंच कळंना झालंय."